चार चित्रांची पाटी

दौलतमामाचं बोट पाटीवर डावीकडच्या वरच्या चित्रावर होतं. तिथून ते उजवीकडे जायला हवं होतं. ते सरळ खाली आलं. मी रंगखात्याच्या दारात मामाचा डबा घेऊन उभी होते. बोट खाली येताना पाहिलं आणि आता काय होणार ते मला कळलं. पंपांच्या आवाजात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नसे. मी ओरडले, "मामा, खाले नही! आडं दख, आडं!" त्याला माझं तोंड हललेलं तेवढं दिसलं. तो हसला आणि तळहात दाखवून खूण केली, थांब, येतोच. मग वळून त्याने मशीनच्या झाकणाचं चाक धरलं. चाक फिरेना. फिरणार कसं, आत वाफ कोंडलेली होती. मामाला वाटलं चाक गंजलंय. त्याने नथ्थूभाऊला हाताने बोलावलं. नथ्थूभाऊ ओल्या कापडाची गाडी सोडून आला, हात पँटला पुसले, माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या, कारण मी दिसले की काहीतरी चाळा केल्याशिवाय त्याला राहवत नसे. मग दोघांनी मिळून जोर लावला. तो आवाज फुटल्याचा नव्हता, फाटल्याचा होता. अख्खा तागा एका हिसक्यात फाडावा तसा. त्यानंतर सगळं पांढरं झालं आणि पांढरं ओसरलं तेव्हा निळं. त्या दिवशी मशीनमध्ये गडद निळा रंग लावलेला होता. तो भिंतीवर होता, छतावर होता, खाली पडलेल्या दोघांवर होता. माझ्या हातातला डबा तसाच होता. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, लसणाचा ठेचा आणि एक कांदा. तो मी घरी परत आणला.

हे मी आज लिहिते आहे ते माझ्या नातसुनेमुळे. ती लायब्ररीत काम करते. महिन्यापूर्वी चहा पिताना म्हणाली, "आजी, आता मोठ्या माणसांसाठी चित्रांच्या जाड कादंबऱ्या निघतात. आमच्याकडे एक कपाट भरलंय, पण लोक म्हणतात ही पोरांची पुस्तकं. कुणाला कुठलं द्यावं कळत नाही. तुम्ही लहानपणी हेच करत होता ना?" हो, हेच करत होते. चौथीपर्यंत शिकलेली पोरगी, आणि बापाच्या वयाच्या माणसांना कुठली चित्रकथा न्यावी ते सांगत होते. मी तिला म्हटलं, सांगते, पण आधी एक गोष्ट लिहून देते ती वाच. ही ती गोष्ट.

आम्ही सुरतच्या उधन्याला राहायचो. खोलीच्या मागच्या भिंतीला लागून लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याचं शेड होतं. भिंत दिवसभर थरथरायची. फळीवरची भांडी हळूहळू कडेला सरकायची आणि मायला ती दिवसातून दोनदा मागे ढकलावी लागत. आठवड्यातून एकदा वीज बंद असली की एकदम शांत व्हायचं आणि आजूबाजूची तान्ही पोरं त्या शांततेने दचकून रडायला लागायची. बा त्या शेडमध्ये बारा तास उभा असायचा, त्यामुळे घरात बा म्हणजे कोपऱ्यात झोपलेला माणूस. त्याला ओलांडून जायचं, आवाज करायचा नाही. दौलतमामा मायचा धाकटा भाऊ. तो आमच्याकडेच जेवायचा. रविवारी माय शेवेची भाजी करायची, एवढी तिखट की मामा नाक पुसत पुसत खायचा आणि आणखी वाढ म्हणायचा. नथ्थूभाऊ शेजारच्या खोलीत आणखी सहा जणांबरोबर राहायचा. बायको गावाला, पारोळ्याच्या बाजूला. शेवेच्या वासावर तो वाटी घेऊन दारात यायचा आणि म्हणायचा, "बहीन, तुनी भाजीनी तक्रार कराले उनू, झोपू देत नही."

लूमवाल्यांना करमणूक अशी काही नव्हती. पट्ट्यांची युक्ती मायच्या डोक्यातून निघाली. रद्दीवाल्याकडे फाटकी चित्रपुस्तकं किलोवर मिळत. काही गुजराती, काही हिंदी, मुखपृष्ठ नसलेली, उंदरांनी कुरतडलेली. पण लूमवर उभ्या माणसाला पुस्तक काय कामाचं? हात तेलाचे, पान उलटणार कोण? म्हणून माय डाग पडलेलं कोरं कापड आणायची, त्याच्या वीतभर रुंदीच्या लांब पट्ट्या फाडायची, आणि आम्ही पुस्तकातली एकेक चौकट कापून त्या पट्टीवर एकाखाली एक चिकटवायचो. मैद्याची खळ, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे झुरळं लागत नाहीत. त्या खळीचा वास माझ्या नखांना लागलेला असायचा आणि माय मला त्या हातांनी भाकरीला शिवू देत नसे. माणूस पट्टी भाड्याने न्यायचा, लूमशेजारच्या खिळ्याला अडकवायचा, आणि एका लूमकडून दुसऱ्याकडे जाताना एका फेरीला एक चित्र बघायचा. वरून खाली. एक गोष्ट पाळीभर पुरायची. बहुतेकांना अक्षर येत नव्हतं, आलं तर मराठी, म्हणून चित्रातल्या माणसांच्या तोंडाजवळचे बोलण्याचे फुगे मी कात्रीने कापून टाकायची. चित्रांना जागच्या जागी छिद्रं पडायची. कुणी तक्रार केली नाही. शेडमध्ये तसंही कुणाला कुणाचं ऐकू येत नव्हतं.

कुणाला कुठली पट्टी द्यायची ते माय ठरवायची नाही, मी ठरवायची. मी दारात बसायची आणि येणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची. ज्याची बायको गावाला बाळंत होणार, त्याला राणी हरवल्याची गोष्ट द्यायची नाही. ज्याने कालच मारामारी केली, त्याला मारामारीचीच द्यायची, तो तिच्यात दमतो. नव्याने सुरतला आलेल्या माणसाला भुताची द्यायची नाही, त्याला आधीच झोप नसते. त्याला चोर-पोलिसांची द्यायची, सोपी, शेवटी चोर सापडतो. आणि जो म्हणतो की हे पोरांचं आहे, त्याच्याशी वाद घालायचा नाही. त्याला सगळ्यात दुःखाची पट्टी द्यायची आणि गप्प बसायचं. तो दुसऱ्या दिवशी येऊन हळूच विचारतो, यानं पुढलं शे का? नथ्थूभाऊला नेहमी हसवणारी लागे. "मास्तरीणबाई, आज हासानी गोट दे वं," म्हणायचा, आणि परत देताना विचारायचा की हा चित्रातला माणूस आता काय करत असेल. मी म्हणायची, कापून उरला तो रद्दीत गेला. त्याला ते फार आवडायचं. दोन लूमच्या पलीकडून खुणेने दुसऱ्यांना सांगायचा.

नातसुनेने आणलेल्यातली चार पुस्तकं मी पाहिली. एकात एक म्हातारा आठ पानं नुसती भांडी घासतो आणि नवव्या पानावर कळतं की बायको गेली. ते चांगलं आहे, बायको गेलेल्याला द्यावं, पण वर्षाने. एकात सगळं काळं आहे आणि माणसं ओळखू येत नाहीत. ते कुणालाच देऊ नये. तिसरं कारखान्याचं होतं, काढणाऱ्याने कारखाना पाहिलेला नाही, कारण मशीनशेजारी माणसं गप्पा मारताना दाखवलीत. चौथ्यात चौकटी वाकड्यातिकड्या, काही पानं आधी डावीकडून, काही मधूनच. मी पेन्सिलने प्रत्येक पानावर बाण काढले. नातसून म्हणाली, "आजी, लायब्ररीचं पुस्तक आहे ते!" मी म्हटलं, राहू दे बाण.

एक पुस्तक आमच्याकडे अख्खं होतं. कागद चांगला होता म्हणून मायने ते कापलं नव्हतं. एका रविवारी जेवणानंतर मामाने ते उचललं आणि सगळ्यांना गोष्ट सांगायला लागला. पानावर चार चौकटी, दोन वर, दोन खाली. पहिलीत एक पाहुणा येतो, शेजारच्या चौकटीत तो चहा पितो, पहिलीच्या खाली तो मरून पडलेला आहे, शेवटी पोलीस. चहात विष होतं. मामाने पहिलं चित्र पाहिलं आणि सरळ खालचं बघितलं. "पाव्हना उना. आनी मरी गया!" मग वर उजवीकडे गेला, थबकला, आणि मोठ्याने म्हणाला, "अरे, हाऊ मरेल माणूस चहा पी राहिना!" नथ्थूभाऊ लोळायलाच लागला. "सुरतना चहा शे तो, मरेल बी उठी बठस!" मी म्हटलं, मामा, तसं नाही, आधी आडवं बघायचं. मामा म्हणाला, "माले डोया शेतस ना! मी काय आंधया शे का?" माय भांडी घासत होती. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे वं. त्याले मज्या ई राहिनी ना?" मी राहू दिलं. पुढची तीन पानं मामा तसाच वाचत गेला, मेलेली माणसं उठत गेली, आणि मीही हसले. त्या दिवशी मी त्याचं बोट धरून एकदा आडवं फिरवलं असतं तर पाच मिनिटं लागली असती.

त्यानंतर मामा आणि नथ्थूभाऊ लूम सोडून रंगखात्यात लागले. तिथे कापड बंद मशीनमध्ये उकळत्याहून गरम पाण्यात रंगवतात. आत पाण्याला वाफेचा दाब असतो. आता झाकण दाब असेपर्यंत उघडतच नाही, मशीनच अडवतं. तेव्हाचं आमच्या तिथलं मशीन काही अडवत नव्हतं. माणसाने अडवायचं होतं. आधी वाफ बंद करायची, मग छोटा नळ उघडून दाब सोडायचा आणि काटा पार खाली येईपर्यंत थांबायचं, मग झाकण उघडायचं, मग कापड काढायचं. एक जुना माणूस हे सगळं करायचा, तो आजारी पडून गावाला गेला. रंगमास्तरांनी मामाला त्याच्या जागेवर घ्यायचं ठरवलं. मास्तर उत्तरेकडचे, बारीक, सारखा खोकणारा माणूस. वाईट नव्हता. त्याने भिंतीवर हिंदीत सूचना लिहून लावली होती, ती कुणी वाचत नव्हतं. त्याच्या कानावर गेलं की हे खान्देशी लोक चित्रं वाचतात, एक मुलगी त्यांना देते. तो एक दिवस आमच्या दारात आला. खिळ्यांवरच्या पट्ट्या त्याने हात मागे बांधून बघितल्या. मग मला विचारलं, "ये लोग सच में समझते हैं?"

"सब समझते हैं," मी म्हटलं. बारा वर्षांची होते. असा साहेब माणूस मला विचारायला आला होता.

त्याने मला रस्त्यावरच्या पेंटरकडे नेलं. चौकोनी पत्रा होता. पेंटरने खडूने त्याचे चार भाग केले, दोन वर, दोन खाली, कारण पत्रा तसा होता. कुठल्या भागात काय काढायचं ते मी सांगितलं. नळ बंद करणारा हात. मग छोटा नळ, वाफेचा फवारा आणि खाली आलेला काटा. मग झाकण. मग कापड. पेंटरने प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यात आकडा घालायला घेतला. एक काढलासुद्धा, गुजराती आकडा. मीच म्हटलं, आकडे नको. आमच्या पट्ट्यांवर आकडे नसतात. आकडा दिसला की या लोकांना वाटतं इथे वाचायचं आहे आणि ते बघतच नाहीत. मास्तर म्हणाला, "बच्ची ठीक बोल रही है, निकाल दो." पेंटरने घासलेटच्या फडक्याने आकडा पुसला. मी शाळा शिकले होते, मला डावीकडून उजवीकडे जायची सवय होती, माझ्या डोळ्यांना ती पाटी सरळ दिसली. खिळ्यांवरच्या सगळ्या पट्ट्या मी स्वतः वरून खाली चिकटवल्या होत्या आणि पेंटरच्या दुकानात मला त्यातली एकही आठवली नाही.

पाटी लागली त्या आठवड्यात मामा जुन्या माणसाचं आठवून आठवून काम करत होता आणि मास्तर शेजारी उभे असत. मामा घरी येऊन सांगायचा, तुझी पाटी छान आहे गं, चारही चित्रं कळतात. नथ्थूभाऊ म्हणायचा, "आते मास्तरीणबाईनी गोट कारखानामा लागी गई." मला ते फार गोड लागत होतं. त्याच आठवड्यात एकदा मामा जेवताना म्हणाला की पाटीत एक गोष्ट उलटी आहे, झाकण उघडल्यावर वाफ सोडायला कशाला सांगितलंय, पण मास्तरांनीच काढलंय म्हणजे काही असेल. मी भाकरी मोडत होते. मी ऐकलं. मेलेला माणूस चहा पितो हे जसं ऐकलं होतं तसं. हे वाक्य मला नंतर आठवलं असं नाही, ते मला तेव्हाही टोचलं होतं, पण मी बोलले नाही. बोलले असते तर पाटी माझी चुकली असं झालं असतं. सहाव्या दिवशी दुपारी मास्तर जेवायला गेले आणि मामा पहिल्यांदा एकटा उभा राहिला. डबा घेऊन मी त्याच दुपारी गेले. पुढचं वर लिहिलं आहे.

दोघांना हॉस्पिटलात नेलं. झाकण मामाच्या बाजूला उघडलं होतं, त्याच्या आडोशामुळे मामाचे हात, मान आणि अर्धा चेहरा भाजला. नथ्थूभाऊ समोर होता. तिसऱ्या दिवशी कारखान्यात चौकशीला एक माणूस आला, सरकारी, हातात फाईल. मास्तर सारखे खोकत म्हणत होते, "बोर्ड लगा था साब. तस्वीर वाला. इसी बच्ची से पूछ के बनवाया." मला बोलावलं. त्या माणसाने पाटीकडे बोट केलं. पाटीवर निळे शिंतोडे होते. त्याने विचारलं, "ये लोग ऐसी तस्वीरें समझते हैं?" माय माझ्या मागे उभी होती. घरून निघताना ती एवढंच म्हणाली होती, "पट्टीनं कोणलेच काही सांगू नको." म्हणजे तिलाही कळलं होतं.

मी म्हटलं, "समझते हैं."

त्याने लिहून घेतलं. मास्तर सुटले, पाटी सुटली, मी सुटले. चूक दोघा कामगारांच्या निष्काळजीपणाची ठरली. नथ्थूभाऊची बायको पारोळ्याहून आली तेव्हा तिला तेच सांगितलं गेलं, तिच्या नवऱ्याने नीट पाहिलं नाही. ती आमच्या खोलीत एक रात्र राहिली. मायने तिला वाढलं. मी तिच्यासमोर बसून जेवले आणि काही बोलले नाही. ते मी आज लिहून सांगते आहे आणि ती आता असेल असं मला वाटत नाही.

मायने त्याच आठवड्यात सगळ्या पट्ट्या उतरवल्या आणि मोठ्या पातेल्यात गरम पाण्यात टाकल्या. खळ सुटली, चित्रं वर तरंगायला लागली, राजे, चोर, पोलीस, तोंडाशी छिद्रं असलेले. तिने ती झाऱ्याने काढून टाकली. सुती होत्या तेवढ्या पट्ट्या उकळून उन्हात वाळवल्या आणि मामाला घरी आणल्यावर त्याच्या हातांना त्याच बांधल्या. पुन्हा कुणी पट्टी मागायला आलं की माय म्हणायची, बंद झालं.

मामाचे हात बांधलेले होते तोवर मी त्याला भरवायची. एकदा वरणभाताचा घास तोंडाशी नेला तर त्याने तो घेतला नाही. म्हणाला, "एक सांग वं पोर. मी पाटी बरोबर दखी ना? तू शिकेल शे. खरं सांग."

घास माझ्या हातात होता. आम्ही त्याला ज्या रीतीने शिकवलं त्या रीतीने त्याने बरोबर पाहिली होती. पण तो ते विचारत नव्हता. तो विचारत होता की नथ्थू माझ्यामुळे भाजला का. तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे, एवढं म्हणायचं होतं.

"बरोबर दखी, मामा," मी म्हटलं. "मशीनच खराब होतं."

त्याने घास घेतला. त्यानंतर त्याने कधी चित्र पाहिलं नाही. भिंतीवरचं देवाचं कॅलेंडरसुद्धा माय उलटं करून लावायची, आकडे मागून दिसायचे नाहीत म्हणून तारीख शेजारी विचारावी लागे.

नातसुनेला कपाटासाठी यादी हवी होती. ती वेगळ्या कागदावर देते. त्यात पहिल्या ओळीला मी एकच लिहिलं आहे, की माणूस कितीही मोठा असो, शिकलेला असो, पहिलं पान त्याच्यासमोर उघडून त्याचं बोट धरून फिरवा आणि त्याच्याकडून एकदा वाचून घ्या. त्याला राग आला तर येऊ द्या.

नथ्थूभाऊ हॉस्पिटलात नवव्या दिवशी सकाळी मेला. मास्तर त्याच वर्षी नोकरी सोडून गेले. दौलतमामा जगला, आणखी एकतीस वर्षं. मी अजून आहे.